अंबाडीला अडकलाय

मी संशयी माणूस आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. काल्हेरमध्ये माझी चार गोदामं आहेत. गोदामवाला संशयी नसेल तर सहा महिन्यांत त्याच्या हातात नुसतं शटर उरतं. कंटेनर आला की मी आधी सील बघतो, मग नंबर, आणि मग ड्रायव्हरचं तोंड. कुणी "पंढरीशेठ, काळजी करू नका" म्हणालं की मी त्याच क्षणापासून काळजी करायला लागतो.

त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकघरात जे कानावर पडलं, त्याने माझं डोकं फिरलं यात माझा काही दोष नाही.

एप्रिल होता. दुपारी बाराच्या सुमाराला मी पाणी प्यायला आत गेलो. माझी सून मनाली ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती. हात पिठाचे, म्हणून फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, आणि त्यातून माझ्या मुलाचा, भाविकचा आवाज येत होता.

"काल्हेरला दोन दिस उभा हाय. ट्राफिक लई हाय हितं. माल उतरला का उद्या निंगतो, वाडा रोडनं."

मी दारातच थांबलो. भाविक जानेवारीत मालवाहू जहाजावर गेला होता. इंजिनात काम करतो. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा. त्याला सोडायला अर्धं गाव विमानतळावर आलं होतं, आणि आमची आक्का, म्हणजे माझी बायको, परत येताना गाडीत एवढी रडली की ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. तो पोरगा समुद्रात असायला हवा होता. आणि तो म्हणत होता, काल्हेरला उभा आहे. आमच्याच गावात. घरापासून फार तर दहा मिनिटांवर.

मला बघताच मनालीने पिठाच्या बोटानेच फोन बंद केला.

"काय बोलला?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. बरा आहे म्हणाला."

"कुठं हाय?"

"जहाजावर. अजून कुठे असणार?"

ती हसली, पण भाकरी तव्यावर टाकताना तिच्या हातून दुमडली. आमची मनाली भाकरी दुमडणारी पोरगी नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तिथेच कळलं.

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आमच्या पट्ट्यातल्या किती पोरांना जहाजाच्या नावाने एजंटांनी बनवलंय. शेजारच्या गावातला एक पोरगा तर सात महिने पनवेलच्या लॉजवर राहून घरी "दुबईच्या पुढे आलोय" असं सांगत होता. बापाला तोंड दाखवायची लाज, दुसरं काय. मी भाविकच्या एजंटच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, जहाज सेफ आहे, पण कुठे आहे ते सांगता येणार नाही. तशी ऑर्डर आहे." जहाज काय खिशातली चावी आहे, कुठे आहे ते सांगता न यायला? मी फोन ठेवला आणि चारही गोदामांच्या बाहेर उभे असलेले ट्रक बघून आलो. एकेका केबिनमध्ये डोकावलो. भाविक कुठेच नव्हता. ड्रायव्हर मात्र माझ्याकडे संशयाने बघायला लागले.

त्यानंतर मी कान टवकारूनच राहिलो. मनाली फोन घेऊन गच्चीवर गेली की मी टाकी बघायला गच्चीवर जायचो. ती मागच्या अंगणात गेली की मला कढीपत्ता आठवायचा. सहाव्या दिवशी मला हवं ते मिळालं. ती कपडे वाळत घालत होती, फोन कमरेला खोचलेला, आणि आवाज मोठा.

"अंबाडीला अडकलोय. नाका बंद हाय. जायचं व्हतं गणेशपुरीला, पन कोन सोडीत न्हाय. तू बाबांना बोलू नको हां. बाबांना तं बिलकूल न्हाय."

मागे कसला तरी भोंगा वाजत होता. मोठ्या ट्रेलरला असतो तसा.

बाबांना तर बिलकूल नाही! मी त्याला शाळेत घातलं, डिप्लोमा करवून घेतला, जहाजाच्या ट्रेनिंगसाठी पाठवलं, आणि मलाच बिलकूल नाही. खरं सांगतो, राग आला त्याच्या आधी मला रडू आलं. मग राग आला.

मी सरळ आक्काकडे गेलो. ती पडवीत जवळा निवडत बसली होती.

"तुजा पोरगा जहाजावर न्हाय. अंबाडीला हाय."

तिने मान वर केली नाही. "उन्हात फिरलाव का?"

"मी माज्या कानांनी ऐकलाय. गणेशपुरीला जायला निंगालाय, आनि सूनबाईला म्हायती हाय सगला."

आता तिचा हात थांबला. गणेशपुरीला माणूस कुंडात अंघोळ करायला जातो, नाहीतर संसारावरचं मन उडालं म्हणून जातो. तिच्या मनात दोन्ही येऊन गेलं असणार, आणि त्याच्यापुढचं तिसरंही आलं.

"बाई हाय का कोन?" तिने विचारलं.

"असंल."

"मनालीला ठाऊक आसून ती गप बसंल?"

संशय अंगात शिरला की उत्तराची वाट कोण बघतं? मी गाडीची चावी घेतली.

वाडा रोडवर खड्डे चुकवत अंबाडी नाक्याला पोचायला मला दीड तास लागला. नाका बंद वगैरे काही नव्हता. चारी बाजूंनी गाड्या येत होत्या आणि चारी बाजूंना जात होत्या. मी फोनमधला भाविकचा लग्नातला फोटो काढला आणि एकेका दुकानात विचारत सुटलो. केमिस्ट नाही म्हणाला. टायरवाला नाही म्हणाला. वडापाववाल्याने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "फेटा काढून फोटो हाय का?"

एसटी थांब्याजवळ एक म्हातारी करवंदं विकत बसली होती. बायजाबाई तिचं नाव. तिने फोटो बघितला, पदराने फोनची काच पुसली, पुन्हा बघितला.

"बगितलाय," ती म्हणाली.

"कवा?"

"परवा का काय. हितंच हुबा व्हता. बस बगत व्हता."

संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटेल असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. तसं काही वाटत नाही. मी तिच्याकडून करवंदं घेतली, द्रोण हातात धरून गाडीत बसलो, आणि एकही करवंद न खाता घरी आलो.

आक्का शेजारी हळदीला गेली होती. मनाली एकटी होती. मी द्रोण तिच्यासमोर ठेवला.

"अंबाडीची हायत," मी म्हणालो. "भाविकला बगितलाय तिथं एका बाईनं. आता तू बोल."

मनाली माझ्याकडे बघत राहिली. आधी तिला काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं आता ही भांडणार. ती खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मला काय करावं सुचेना. मी पंखा वाढवला.

जरा वेळाने ती उठली, कपाटातून स्वतःच्या लग्नाची उरलेली पत्रिका घेऊन आली आणि तिची मागची बाजू माझ्यासमोर धरली. त्यावर भाविकच्या अक्षरात आमचा रस्ता काढलेला होता. ठाणे, कशेळीचा पूल, काल्हेर, भिवंडी, मग वाडा रोड, अंबाडी, आणि तिथून एक फाटा गणेशपुरीला. प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने दुसरं नाव होतं. कशेळीच्या पुलाखाली लिहिलं होतं, मलाक्काची सामुद्रधुनी. काल्हेरखाली सिंगापूर. वाडा रोड म्हणजे दक्षिण चीन समुद्र. गणेशपुरी म्हणजे मनिला.

"जहाजावरच्या सगळ्यांना सांगितलंय की जहाज कुठे आहे ते घरी बोलायचं नाही," मनाली म्हणाली. "फोनवर नाही, मेसेजमध्ये नाही. कोण ऐकतं, कोण वाचतं, माहीत नाही. म्हणून जाण्याआधी आम्ही हे ठरवलं. काल्हेर म्हणजे सिंगापूर, कारण तिथे पण नुसती गोदामं आणि कंटेनर. पूल अरुंद, तिथे पण ट्रॅफिक. वाडा रोड..." ती थांबली. "वाडा रोडला काय होईल सांगता येत नाही, म्हणून."

"आनि अंबाडी?"

तिने फोनवर नकाशा उघडला. निळ्या पाण्यात बारीक ठिपके होते.

"हे खडक आहेत, बाबा. काही ओहोटीला दिसायचे आणि भरतीला बुडायचे. चीन म्हणतं आमचे. फिलिपिन्स म्हणतं आमचे, व्हिएतनाम म्हणतं आमचे. अमेरिकेची लढाऊ जहाजं अधूनमधून येऊन जातात. आता हा बघा, हा एक."

तिने दोन बोटांनी ठिपका मोठा केला. पाण्याच्या मधोमध एक राखाडी पट्टा होता. सरळ, दोन्ही टोकांना कापल्यासारखा. बाजूला शेड, टाक्या, बोटींसाठी धक्का.

"हा खडक होता?"

"हो. वाळू ओतून बनवलंय सगळं. विमानं उतरतात त्यावर."

"भराव," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "हे ठरवताना भाविक पण हेच म्हणाला. म्हणाला, बाबांना सांगू नको. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो विचारेल भराव म्हणजे काय. बाबांना भराव कळतो."

मी वाकून तो पट्टा पुन्हा बघितला.

भराव मला कळतो, कारण माझं चौथं गोदाम भरावावर उभं आहे. खाडीच्या काठाला माझा चुलत भाऊ राघो जाळी बांधायचा. त्याचे खुंट पाण्यात रोवलेले असायचे, त्याच्या बापाच्या वेळेपासून. मी आधी तिथे पडक्या इमारतीचं डेब्रिज टाकलं, दोन ट्रक. आठ दिवस गप्प बसलो. कुणी काही बोललं नाही, तेव्हा आणखी चार टाकले. मग मुरूम. मग तारेचं कुंपण, मग एक कुत्रा, मग कुत्र्याला जेवण घालायला एक वॉचमन. शेवटी विजेचा मीटर. मीटर बसला की कागद आपोआप जमायला लागतात. दोन वर्षांनी मी स्वतःच म्हणायला लागलो की ही जागा आमची पहिल्यापासूनची. आणि मला ते खरं वाटायचं, ही त्यातली मजा.

कुंपण घातल्यावर राघो एकदा भरतीच्या वेळी होडी घेऊन आला होता, राहिलेली जाळी सोडवायला. माझी चार माणसं भरावावर सळया घेऊन उभी होती. मी मोठ्याने ओरडलो, "मागं फिर! हितं आता पानी न्हाय!" होडी पाण्यावर हलत होती आणि मी त्याला सांगत होतो की पाणी नाही. माझ्यातल्या एकाने वीट भिरकावली. ती होडीच्या कडेला लागली. त्या दिवशी होडीत त्याची बायको, पार्वतीवहिनी पण होती, हे मला संध्याकाळी कळलं. मी बघितलंच नव्हतं. भराव टाकणारा माणूस पाण्याकडे बघतच नाही. बघितलं असतं तरी मी थांबलो असतो का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"नाका बंद म्हंजे काय?" मी विचारलं.

"तो आमच्याच भाषेत सांगतोय थोडं थोडं, नाक्यावर पोलीस, भांडण असं. दोन देशांच्या सरकारी बोटी समोरासमोर आल्यात. मागे मोठी जहाजं. यांचं जहाज वाटेत सापडलं. रेडिओवर एक म्हणतो मागे फिरा, दुसरा म्हणतो अजिबात फिरू नका, आमच्या हद्दीत आहात. कॅप्टनने इंजिन मंद केलंय आणि तिथेच घिरट्या घालतोय."

"कुनाच्या बोटी?"

"ते तो बोलला नाही. दोघांनी पण पाण्याचे फवारे मारले, एवढंच म्हणाला. पहिल्या दिवशी नुसते हवेत."

"आनि दुसऱ्या दिशी?"

मनालीने फोन माझ्या हातात दिला आणि त्याचा शेवटचा आवाजी मेसेज लावला. मी सकाळी चोरून ऐकला होता तोच. पण चोरून ऐकताना मी शेवट ऐकायला थांबलोच नव्हतो.

"...बाबांना तं बिलकूल न्हाय. आज वायफाय बंद करतायत. नाका सुटला का बोलतो. आक्काला सांग, जेवतोय बराबर."

मागचा भोंगा आता मला ट्रेलरचा वाटला नाही.

तासाभरापूर्वीपर्यंत मी त्या पोरावर काय काय आळ घेतले होते! एजंटने बनवला, लॉजवर लपला, बाई ठेवली. आणि आता मला त्यातलं कुठलंही एक चाललं असतं. बाई तर अगदी मनापासून चालली असती. त्याने तिला घरी आणलं असतं तर मी पुढच्या खोलीला रंग लावून दिला असता. पण तो खोटं बोलत नव्हता. मी जन्मभर लोकांची खोटी तोंडं शोधत आलो, आणि ज्या दिवशी एक खरं निघालं त्या दिवशी मी कपाळाला हात लावून बसलो.

बाहेर चपला वाजल्या. आक्का हळदीहून परत आली होती, कपाळ पिवळं. तिला बीपी आहे, गोळी चालू आहे. तिने मनालीचे लाल डोळे बघितले, माझ्या मांडीवरची पत्रिका बघितली, आणि समोरची करवंदं बघितली. मी पत्रिका उलटी केली. गणपतीची बाजू वर आली.

"भेटला?" तिने विचारलं.

मनाली माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी आक्काचा चेहरा बघितला. ती रागावली होती. दिवसभराचा राग तिने हळदीतसुद्धा जपून ठेवला होता. रागावलेली आक्का जेवते, झोपते, भांडी आपटते. घाबरलेली आक्का मला बघवली नसती.

"भेटला," मी म्हणालो.

"काय बोलला?"

"जेवतोय बराबर बोलला."

"घरी का येत न्हाय?"

"अडकलाय. काम हाय जरा."

"बाई?"

"न्हाय. बाई न्हाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने मला एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही खरं बोलता का. आताही विचारलं नाही. पदर खोचून ती आत गेली आणि तवा ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने जवळ्याची चटणी भाजल्याचा वास घरभर झाला.

"अंबाडीलाच हाय ना?" ती आतून म्हणाली. "मंग कशाला रडतंय सगली? अंबाडीवरनं बस हाय. काम जाला का बसंल नि येल."

मनाली उठून मोरीत गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काने माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. तांदळाच्या भाकऱ्या आणि वर जवळ्याची चटणी. "गरम हाय तवर जावा," ती म्हणाली. मला नाही म्हणता आलं नाही. गाडी घरीच ठेवली आणि भिवंडीहून वाड्याची एसटी पकडली. डबा मांडीवर धरून बसलो. वाटेत कुठेही फेकून देता आला असता, किंवा कुणा ड्रायव्हरला देता आला असता. तसं केलं नाही. खड्डा आला की मी डब्यावर हात ठेवायचो.

अंबाडी नाक्याला उतरलो. बायजाबाई कालच्याच जागी बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, काल तुमी बोललाव, पोऱ्याला बगितलाय. खरं सांगा."

ती ओशाळली. करवंदं उगाच खालीवर करत राहिली.

"न्हाय वं दादा. न्हाय बगितला. कोन ना कोन फोटू घिऊन येतंच हितं. बगितला बोलला का त्यांचा जीव जरा खाली पडतो. तुमचा पोऱ्या घावला का?"

मी तिच्यावर चिडायला हवं होतं. माझ्या स्वभावात ते बसलं असतं. पण मी कालच घरी तिचंच काम करून आलो होतो.

"घावला," मी म्हणालो. "हितंच हाय."

तिने आजूबाजूला बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता बाजूची गोणी झटकून मला बसायला जागा करून दिली.

मी बसलो. मनालीला फोन लावला. अजून काही नाही, ती म्हणाली. ऑफिसची मुलगी तेच म्हणते, जहाज सेफ आहे. मी डबा उघडला, भाकरीचा वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या, कुणी कुणाला अडवत नव्हतं. याआधी मला या नाक्याचा केवढा राग यायचा, किती वेळ जातो म्हणून.

अकराच्या सुमाराला गणेशपुरीची बस लागली. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "काका, गणेशपुरी? यायचंय ना?"

"न्हाय," मी म्हणालो. "माजा पोऱ्या हितं अडकलाय. त्याला सोडला का आमी दोघं येऊ."

बस गेली. मी डबा दोन्ही हातांत धरून तिथेच बसून राहिलो.